पुढच्या चाकावरचं वजन

१

दुपारी गॅरेजमधून जेवायला घरी आलो की मी आधी वर जातो. मग हात धुतो, मग जेवतो. पूर्वी याच्या उलट होतं.

वर म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. जुनी इंदूर भागात आमच्या गल्लीतली घरं एकमेकांना टेकून उभी आहेत, त्यामुळे हवा काय ती गच्चीवरच. दादाने तिथे खिडकीखाली टेबल टाकलं होतं. टेबलावर दिवा, छोटा कॉम्प्रेसर, रंगाच्या बाटल्या, चिमटे, काडीपेट्यांत ठेवलेले बारीक भाग. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर विमानं. प्लॅस्टिकची, डब्यातून सुट्या भागांत येतात ती. जोडायची, पुट्टी भरायची, घासायची, रंगवायची. प्रत्येक विमान खऱ्याच्या बहात्तरपट लहान. "पंचू, यात तू उभा राहिलास ना, तर एवढा होशील," असं म्हणून दादा करंगळीचं पेर दाखवायचा.

एकाही विमानात त्याने पायलट बसवला नव्हता. डब्यात छोटे पुतळे यायचे, ते तो काडीपेटीत टाकून द्यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "विमान उभं आहे ना? मग तो पोहे खायला गेलाय."

दादा म्हणजे ज्ञानदीप, माझा मोठा भाऊ. बेटम्याच्या एका पतसंस्थेत कारकून होता. होळी झाल्यावर एका संध्याकाळी तिकडून मोटरसायकलवर परत येत होता. मागून डंपर आला. बस.

मागे राहिलो मी आणि आई. आणि टेबलावर एक अर्धं विमान.

कॅनबेरा. हवाई दलाचं जुनं बॉम्बफेकी विमान. आमचे आजोबा महूला फौजेत होते, त्यांनी लहानपणी दादाला या विमानाच्या गोष्टी सांगितल्या होत्या. ते करायचं म्हणून तो कधीपासून मागे लागला होता. पायलटची बसायची जागा त्याने रंगवून ठेवली होती. खुर्ची, खुर्चीचे पट्टे. पट्टे त्याने टेपच्या कातरलेल्या दोऱ्यांचे केले होते आणि उघडे, दोन बाजूंना टाकलेले, कोणी नुकतंच उतरून गेल्यासारखे. बॉडीचे दोन अर्धे भाग अजून सुटे होते.

बाबूरावकाका महूहून फोन करून थकले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम राहिला होता. भंतेजींना बोलवायचं, चार लोकांना जेवू घालायचं, गेलेल्याच्या नावाने पुण्य द्यायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. आई दर वेळी एकच सांगायची, "विमान होऊ द्या. फोटोपुढे ठेवायचंय."

"करणार कोण पण?" मी एकदा चिडलो.

"तू. रंगारी आहेस ना?"

आठवीत मी शाळा सोडली. अशोक भियाच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करतो. मी म्हटलं, ठीक आहे. बंपर रंगवतो तर हेही रंगवीन.

२

विमान मी गाडीसारखं केलं. गाडीला आम्ही आधी बॉडी बंद करतो. ठोकायचं, जोडायचं, पुट्टी, घासायला पाणीपेपर, प्रायमर, रंग. आतलं सामान शेवटी, दार उघडून. डब्यातला कागद इंग्रजीत होता. मी चित्रं बघितली न बघितली आणि कामाला लागलो. दोन्ही अर्धे भाग चिकटवले, रबर गुंडाळले, सांधा इतका घासला की बोट फिरवलं तरी कळू नये. काचेचा घुमट बसवला. कॅनबेराचा घुमट मधोमध नसतो, डावीकडे सरकलेला असतो. त्यावर रंग जाऊ नये म्हणून टेप चिकटवला. वरून करडा आणि हिरवा, खालून फिका. शेवटी चाकं लावली आणि उभं केलं.

उभं राहिलं. मला रडू आलं. मग भूक लागली.

रविवारी पीयूष आला. दादाचा दोस्त, राजवाड्याजवळ त्यांचं लोकरीचं दुकान आहे. तोही विमानं करतो. त्याने खाली वाकून, डोळा टेबलाला लावून बघितलं.

"क्या बात है भिया! सांधा कुठाय? दिसतच नाही. ज्ञानदीपला पण असा नाही जमायचा." मग सरळ होत म्हणाला, "नाकात वजन किती टाकलं?"

"कसलं वजन?"

"चल, भाव नको खाऊ."

"खरंच यार. कसलं वजन?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "कॅनबेरा मागे जड असते. बॉडी बंद करायच्या आधी नाकात शिसं भरावं लागतं, नाहीतर ती शेपटीवर बसते. तुझ्याच गॅरेजातून तर न्यायचा तो. व्हील बॅलन्सिंगचे तुकडे."

तुकडे मी आणून द्यायचो. मला वाटायचं, चिकटवलेलं दाबून ठेवायला लागत असतील.

"मी काही टाकलं नाही," मी म्हणालो.

पीयूष हसला. त्याने विमान उचललं आणि मोठ्या चाकांच्या जागी दोन बोटांवर तोललं. विमान झटकन मागे कललं. शेपूट खाली, नाक वर. "हे बघ. मागेच जड आहे." मग त्याने ते तसंच टेबलावर ठेवलं.

विमान शेपटीवर बसलं. पीयूष म्हणाला, "बघितलं?" आणि मग नाक हळूहळू खाली यायला लागलं. पुढचं चाक टेबलाला टेकलं. टक् असा आवाज आला.

पीयूषने पँटला हात पुसले.

"टेबल तिरपं असेल," तो म्हणाला.

"असेल."

चहा अर्धा ठेवून तो उठला. दुकानात जायचंय म्हणाला. रविवारी त्यांचं दुकान बंद असतं, हे मला तो गल्लीच्या बाहेर गेल्यावर आठवलं.

३

टेबल तिरपं नव्हतं. गॅरेजातून बेअरिंगची गोळी आणली आणि टेबलावर ठेवली. जागची हलली नाही.

विमान उलट दिशेने ठेवून बघितलं. फरशीवर ठेवलं. गच्चीत विटेवर ठेवलं. दर वेळी तेच. हातात असेपर्यंत शेपूट जड. खाली ठेवलं की आधी शेपटीवर बसायचं, जरा थांबायचं, मग नाक खाली. टक्.

मी स्वतःला सांगितलं, आत पुट्टी ओली राहिली असेल. ती सरकत असेल, मागे-पुढे. मेमध्ये पत्र्याखाली? अंड्याचं आमलेट होईल इथे. बरं, मग गोंदाचा गोळा सुटला असेल आतल्या आत. मी विमान कानाशी धरून हलवलं. काही वाजलं नाही. बरं, मऊ गोळा असेल. न वाजणारा. यावर मी दोन दिवस ढकलले. डोकं चालत नव्हतं. झोप येत नव्हती आणि आली की गॅरेजात, गाडीखाली यायची. अशोक भिया लाथ मारून उठवायचे, "ए पंचशील, घरी पलंग नाही का बे?"

मग एका दुपारी मी दारात उभा राहून विमानाकडे मागून बघितलं. तेव्हा दिसलं.

गाडीत ड्रायव्हर बसलाय की नाही, हे आम्हाला मागून कळतं. काच काळी असू दे. गाडी उजवीकडे जराशी बसते. जेमतेम बोटभर. रोज गाड्या बघणाऱ्याच्या डोळ्याला ते न सांगता दिसतं.

कॅनबेरा डावीकडे बसली होती. घुमटाच्या बाजूला.

मी जेवायला खाली गेलो. भाजी कसली होती ते आठवत नाही.

४

आईला दवाखान्यात न्यायचं होतं. ती खातच नव्हती. ताटात घ्यायची, भाकरी मोडायची आणि माझ्याकडे सरकवायची. चेहरा एवढासा झाला होता. मी स्कूटर काढली, चालू केली आणि थांबलो.

"बैस ना आई."

"कधीची बसलेय. चल की."

मी आरशात बघितलं. मागे बसली होती, खांद्यावर पदर घेऊन. स्कूटर दबली नव्हती. माझी स्कूटर जुनी आहे, तिचा मागचा शॉकअप गेलाय. मांजर बसलं तरी ती कुरकुरते.

डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. दुःख आहे, जाईल. ताकदीच्या गोळ्या दिल्या. मला बरं वाटलं. येताना मी आईशी मुद्दाम बडबड करत होतो. "आई, तू तर एकदम हिरॉइन झालीस, फिगर बघ." तिने पाठीत एक चापट मारली. चापट लागली नाही. म्हणजे हात टेकला, हे कळलं. एवढंच.

घरी ती पलंगावर आडवी झाली. आमचा पलंग लोखंडी आहे, निवारीचा, जाड सुती पट्ट्यांनी विणलेला. निवार सैल पडली आहे. कोणीही झोपलं की झोळी होते, त्यावरून दादा तिला चिडवायचा. आई झोपली आणि निवार तशीच राहिली. ताठ.

मी कूलरमध्ये पाणी भरायला गेलो. पाणी टाकी भरून खाली वाहायला लागलं तरी ओततच होतो.

५

दुसऱ्या दिवशी गॅरेजातली लाइट गेली आणि कॉम्प्रेसर बंद पडला, म्हणून मी लवकर आलो. खाली आई नव्हती. वरून आवाज येत होता. तिचाच. कोणाला भरवताना बोलतात तसा.

"पाय आखडले असतील ना रे? थोडं सरकून बस. हं. आता?"

मी जिन्यातच उभा राहिलो. दुसरा आवाज ऐकू येईल म्हणून. आला नाही.

वर गेलो तर आई टेबलापाशी स्टुलावर बसली होती. विमानाच्या नाकावर तिच्या दोन बोटांचे शेंडे टेकवलेले होते. मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसे.

"लवकर कसा आलास? अशोकने हाकलला का?"

"लाइट गेली. आई, कोणाशी बोलत होतीस?"

"तुला काय करायचंय?"

मी घुमटाकडे हात नेला. टेप काढायचा राहिलाच होता.

"टेप नको काढू." ती एवढ्या जोरात ओरडली की मी मागे झालो. मग तिचा आवाज बसला. "पंचू, लहानपणी पतंग तू अडकवायचास. काढायला कोण चढायचा?"

"दादा."

"सायकल तू आपटायचास. वाकलेलं हँडल कोण सरळ करायचा?"

"आई, बास."

"आता तू बिनवजनाचं विमान बंद केलंस. पडू देईल का तो?"

"तो नाहीये, आई."

"मग उभं कसं आहे?"

खालून भंगारवाल्याची हाक गेली. एक कबूतर पत्र्यावर चाललं.

"बसून राहिलाय बिचारा," आई म्हणाली. "पण तो तरी वजन आणेल कुठून? त्याच्याकडे काय उरलंय आता? म्हणून मी देते. थोडं थोडं." शेजारी वाटीभर साखर दिल्यासारखं बोलली ती.

"मरशील अशाने."

"ओरडू नको. तो दचकतो."

मी खाली येऊन मोरीत डोक्यावर पाणी ओतलं. आईचं डोकं फिरलंय, हा एक विचार. माझंही फिरलंय, हा दुसरा. पण स्कूटर लोखंडाची आहे. तिचं कोणी मेलंबिलं नाही. ती का कुरकुरली नाही?

६

दुसऱ्या दिवशी आई जेवण झाकून पलंगावर पडली होती. मी वर गेलो. खिशात व्हील बॅलन्सिंगचे तुकडे होते आणि हातात हातोडी. आधी हातोडीच आणली होती. एक घाव, प्लॅस्टिक तर आहे. पण टेबलापाशी उभा राहिलो आणि हात उचलला गेला नाही. हातोडी मी फळीवर ठेवली.

मग सुचलं. दादा बसलाय कशासाठी? मी वजन विसरलो म्हणून. मग वजन टाकू. त्याला उठता येईल. आईला द्यावं लागणार नाही. इतकं सोपं होतं, आणि मी आठवडाभर बेअरिंगच्या गोळ्या फिरवत बसलो होतो.

तुकडे पत्रा कापायच्या कात्रीने बारीक केले. पुढच्या चाकाच्या खळग्यातून भोक पाडायचं आणि तिथून आत सोडायचे. त्यासाठी विमान उलटं धरावं लागणार. हातात घेतलं आणि थांबलो. आत कोणी असेल तर उलटं कसं करू?

आहे की नाही, तेवढं बघू. टेपचा एक कोपरा चिमट्याने धरला आणि सोलला. तांदळाच्या दाण्याएवढी काच उघडी झाली. विमान टेबलावर ठेवलं, नाक टेकू दिलं, दिवा जवळ ओढला आणि डोळा लावला.

खुर्चीचा खांद्याकडचा भाग दिसला. पट्टे दिसले. बॉडी बंद करताना ते उघडे होते, दोन बाजूंना टाकलेले. मी स्वतः बघितले होते. आता ते बांधलेले होते. कशावर तरी घट्ट ताणलेले. आणि ते वर येत होते, खाली जात होते. हळू. कोणी फार दमून बसलं की छाती चालते तसे.

टेप परत चिकटवला. तो वाकडा बसला.

"दादा, घट्ट धर," मी म्हणालो आणि विमान उलटं केलं.

छोट्या ड्रिलने भोक पाडलं. हाताने फिरवायचं असतं ते. प्लॅस्टिकची बारीक साल निघत होती. "लागलं तर सांग." एकेक तुकडा आत सोडला, मागून गोंद. पुन्हा तुकडा. घाम नाकावरून विमानावर पडत होता, तो पुसत होतो. गोंद धरेपर्यंत ते तसंच उलटं धरून बसलो. मग सरळ केलं आणि ठेवलं.

या वेळी शेपूट खाली गेलीच नाही. पुढचं चाक सरळ टेकलं.

"झालं, दादा. तू ऊठ आता."

काही नाही. पत्रा उन्हाने कडकड वाजत होता. मी उठून दारात गेलो, गाडीकडे बघतात तसं मागून बघायला. आणि विमान सरळ झालं. डावी बाजू वर आली, किंचित, ड्रायव्हर उतरल्यावर येते तशी. त्याच वेळी आवाज आला, फार बारीक. गुडघ्यांचा. दादाचे गुडघे वाजायचे. खूप वेळ टेबलापाशी बसून उठला की दोन्ही, एकामागून एक.

मी परत टेप सोलून बघितलं. पट्टे सुटले होते. दोन बाजूंना पडलेले. खुर्ची रिकामी.

मी तिथेच फरशीवर बसून रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो, दफनभूमीत नव्हतो. इथे रडलो. गेला, म्हटलं. सुटला.

७

डोळे पुसत जिना उतरलो. काकांना आजच फोन करायचा होता. भंतेजींना कधी वेळ आहे ते विचारायचं होतं. आईला भाकरी चुरून, दूध घालून, मी हाताने भरवणार होतो. नाही म्हणाली तर दामटून.

"आई, काकांना फोन लावू का? तारीख ठरवून टाकू."

कूलर चालू होता. खोलीत अंधारलेलं होतं, ऊन येऊ नये म्हणून आई खिडकीला ओली चादर लावते.

ती पलंगावर होती. अगदी कडेला, माझ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. कडेच्या पाइपवर ठेवलेली कपड्यांची घडी वाटावी एवढी. आणि तिच्या आणि भिंतीच्या मध्ये निवार खाली गेली होती. झोळी होते तशी नाही. पार खाली, फरशीला टेकायला आलेली. पट्ट्यांचे टाके ताणून पांढरे पडले होते. त्यावर चादर ओढलेली होती आणि आईचा हात त्या चादरीवर होता. हात वर येत होता, खाली जात होता.

"आई."

"हळू बोल," ती न वळता म्हणाली. "आत्ताच डोळा लागलाय."

मी दारातच उभा राहिलो.

"केवढा वेळ बसून होता रे. पाठ धरली असेल." तिने चादर सारखी केली. "बरं केलंस तू. मला नसतं सुचलं."

आत्ता जाऊन तिला हाताला धरून उठवायला हवं, बाहेर उन्हात न्यायला हवं, हे मला कळत होतं. ती हलकी होती, एका हाताने उचलली गेली असती. उठवली नाही तर ती आता उठणार नाही, हेही कळत होतं. फोन माझ्या हातात होता. काकांचा नंबर लावलेला होता, फक्त दाबायचा होता.

चादरीखालून एक श्वास आला. लांब. झोपेत कूस बदलताना सोडतात तसा. मी तो लहानपणापासून, याच पलंगावर, शेजारी झोपून ऐकलेला आहे.

आई थोडी सरकली. मला वाटलं नव्हतं, पण जागा झाली.

"ये," ती म्हणाली. "तू पण पड जरा. किती दमलायस."

मी चपला काढल्या.